नववी टाळी

पेटीवाले हरले, आणि हरले ते टाळ्या मोजण्यात. शिंप्याला सुईत दोरा ओवता येऊ नये, तशातली गत झाली.

वाचनालयाच्या मागच्या खोलीत दर बुधवारी दुपारी जुन्या गाण्यांचे दहा-बारा वेडे जमत. लोखंडी खुर्च्या, एक कुरकुरणारा पंखा आणि झाकण हरवलेला चहाचा थर्मास. ज्यांची पन्नास-पन्नास गाणी गाजली अशा बड्या गायकांना इथे कोणी हिंग लावूनही विचारत नसे. त्यांचं कौतुक करायला सगळं जग पडलंय. या मंडळींचा जीव एकगाण्यांवर. एकगाण्या म्हणजे ज्याचं आयुष्यात एकच गाणं गाजलं असा माणूस. चार महिने ते गाणं न्हाव्याच्या दुकानापासून कॉलेजच्या कँटीनपर्यंत सगळीकडे वाजतं, आणि मग गाणारा असा गडप होतो की शेजाऱ्यांनाही पत्ता लागत नाही. कुठल्या गाण्यातलं कुत्र्याचं भुंकणं ढोल वाजवणाऱ्याने स्वतः भुंकून दिलं होतं, कुठल्या ‘चार बहिणीं’पैकी कोणीच कोणाची बहीण नव्हती, कोण गाणं गाजत असतानाही सकाळी नऊला इस्त्रीच्या दुकानात हजर व्हायचा, हे सगळं या लोकांना तोंडपाठ. स्वतःच्या मुलांचे वाढदिवस मात्र बायकोला विचारून घेतील.

महिन्याच्या शेवटच्या बुधवारी प्रश्नमंजूषा असे. प्रश्न विचारायला दातांचे डॉक्टर. निवृत्त होऊन जमाना झाला, तरी समोरच्याने तोंड उघडलं की गडी खूश. त्या दिवशी शेवटी दोघंच उरले होते, पेटीवाले आणि टपालबाई. टपालबाईंनी पस्तीस वर्षं दारोदार टपाल वाटलं होतं, त्यामुळे कुठला गाणारा कुठे राहायचा हे त्यांना घरांच्या क्रमाने पाठ होतं.

"शेवटचा प्रश्न," डॉक्टर म्हणाले. "‘दार लावू नकोस’ या गाण्यात एकूण टाळ्या किती?"

पेटीवाल्यांना हसूच फुटलं. हे म्हणजे त्यांना त्यांच्याच घराचा पत्ता विचारणं झालं.

"तेरा," ते म्हणाले.

"बारा," टपालबाई म्हणाल्या.

"बारा! बाई जिंकल्या."

"अहो डॉक्टर, तेरा आहेत. हे गाणं मी एक्केचाळीस पेट्यांतून ऐकलंय. मला काय सांगता!"

गाणं तीन कडव्यांचं. प्रत्येक कडवं संपलं की सगळी वाद्यं एकदम थांबतात आणि त्या शांततेत चार टाळ्या पडतात, कोणीतरी दार ठोठावत असल्यासारख्या. तीन चोक बारा, हे कोणीही सांगेल. पण तिसऱ्या वेळी, वाद्यं थांबतात न थांबतात तोच, त्या चार टाळ्यांच्या आधी एक टाळी एकटीच पडते. घाईची, चुकलेली. पहिल्या आठांनंतरची ही नववी. तिच्यामुळे तेरा.

वाद नको म्हणून डॉक्टरांनी मोबाईलवर गाणं लावलं. पहिल्या कडव्यानंतर चार. दुसऱ्यानंतर चार. पेटीवाल्यांनी ‘आता ऐका’ म्हणून बोट वर केलं. तिसरं कडवं संपलं, वाद्यं थांबली आणि बोट तसंच वर राहिलं. शांतता. मग चार टाळ्या, अगदी वेळेवर, शाळेतल्या कवायतीसारख्या.

"वय झालं, पेटीवाले!" मागून कोणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. टपालबाई तेवढ्या हसल्या नाहीत. पेटीवाल्यांनी टोपी उचलली आणि चहा न घेताच ते बाहेर पडले.

ती नववी टाळी त्यांच्या बायकोची होती. आणि बायको जाऊन दोन वर्षं झाली होती.

आता पेटीवाले हे नाव कसं पडलं ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. एकतीस वर्षं हा माणूस ज्यूकबॉक्स सांभाळत होता. नाणं टाकलं, बटण दाबलं की आपल्या आवडीची रेकॉर्ड वाजवणारी ती दिव्यांची मोठी पेटी. कंपनीची एक व्हॅन, एक्केचाळीस पेट्या, आणि दर सोमवारी नव्या रेकॉर्ड घेऊन फेरी. कॉफीची दुकानं, बसस्थानकाचं कँटीन, पोहण्याच्या तलावाबाहेरचा स्टॉल. प्रत्येक पेटीच्या पोटात आकड्यांची छोटी छोटी चाकं असत. कुठलं गाणं आठवड्यात किती वेळा वाजलं ते त्यावर दिसे. सलग दोन आठवडे आकडा घसरला की ते गाणं पेटीतून बाहेर. आणि नुसतं बाहेर नाही. काढलेली रेकॉर्ड कोणी परत विकू नये म्हणून दुकानदाराच्या देखत ती पत्रा कापायच्या कात्रीने दोन ठिकाणी कापायची, असा कंपनीचा नियम होता. पेटीवाले नियमाचे पक्के. किती गाणी त्यांनी स्वतःच्या हाताने कापली याला गणती नाही.

नव्या रेकॉर्ड मिळत त्या गाण्याच्या कंपनीच्या पॅकिंगच्या खोलीत. तिथे तीन मुली दिवसभर रेकॉर्ड पाकिटात आणि पाकीट खोक्यात भरत. त्यातली एक खोक्यावर आकडे लिहायची पेन्सिल केसांत खोचून ठेवायची आणि मग सगळीकडे पेन्सिल शोधत बसायची. वरच्या मजल्यावर गाण्यांचं ध्वनिमुद्रण व्हायचं. गाण्यात टाळ्या हव्यात, गर्दीचा आवाज हवा, कोणी मागून ‘आऽऽ’ म्हणायला हवं, की वरून घंटा वाजे आणि या तिघी हात पुसून जिना चढत. त्यासाठी बाहेरून माणसं कोण आणणार? आलेलं काम संपवायचं आणि परत खाली येऊन खोकी भरायची.

एका सोमवारी तिने पेटीवाल्यांच्या हातात एक रेकॉर्ड ठेवली.

"ही तुमच्या सगळ्या पेट्यांत लावा. यात मी आहे."

"गाता की काय तुम्ही?"

"छे हो! टाळी वाजवलीये. तीसुद्धा चुकीची."

पहिल्याच दुकानात पेटीवाल्यांनी स्वतःच्या खिशातलं नाणं टाकून ते गाणं ऐकलं. तिसऱ्या कडव्यानंतर ती टाळी पडली आणि ते एकटेच हसले. मग परत नाणं टाकलं. दुकानदार म्हणाला, अहो, पेटी तुमची, गाणं तुमचं, मग गिऱ्हाइकांना कधी ऐकू देणार? आधी त्या टाळीवर यांचा जीव जडला, मग टाळीवालीवर. लग्न झालं तेव्हा गाणं सगळ्या एक्केचाळीस पेट्यांत जोरात होतं.

पुढे आकडा घसरला. घसरायचाच. गाणाऱ्याचं दुसरं गाणं काही आलं नाही आणि लोक नव्या गाण्यांकडे वळले. पेटीवाल्यांनी एकेक करत एक्केचाळीस रेकॉर्ड कापल्या. पहिली कापताना हात अडला होता. संध्याकाळी घरी येऊन तसं बोलून दाखवलं तर बायको म्हणाली, "कापा की. मी इथे आहे ना अख्खी."

घरात एक प्रत होती. मुलगी चार वर्षांची असताना तिने ती खिडकीत उन्हात ठेवली, तिची वाकून पन्हळ झाली. बायकोने कपाळाला हात लावला नाही. वाया कशाला घालवायची म्हणून तिने ती गरम पाण्यात धरली, दाबून छान वाडगा केला, तळाचं भोक चिकटपट्टीने बुजवलं आणि त्यात बटणं ठेवायला सुरुवात केली. गेली चाळीस वर्षं त्या घरातल्या तुटक्या बटणांचा संसार ‘दार लावू नकोस’मध्ये होता. बाई घरात असताना तिची टाळी कोण जपून ठेवतो?

ती गेल्यावर मात्र पेटीवाल्यांच्या लक्षात आलं की तिचा आवाज म्हणून घरात काही उरलेलं नाही. फोटो आहेत, चष्मा आहे, स्वेटर आहे. फोनवरचं तिचं बोलणं कधी कोणी साठवलं नाही. तिच्या हातून झालेला आवाज जगात कुठे असेल तर तो त्या गाण्यात, एका क्षणापुरता. तेवढ्यावर ते दोन वर्षं तग धरून होते. ऐकायची घाई नव्हती. गाणं कुठे पळून जातंय, असं त्यांना वाटायचं. आणि आता ते पळून गेलं होतं.

रविवारी मुलगी आली. ती शाळेत गणित शिकवते, त्यामुळे बेरजेत भावना आणत नाही.

"बाबा, पन्नास वर्षं झाली त्या गाण्याला. आई सांगायची ना, माझी टाळी चुकली म्हणून. ती सांगायची, म्हणून तुम्हाला ऐकू येत असेल."

"म्हणजे मला भास व्हायचा?"

"भास नाही हो. पण माणसाला हवं ते ऐकू येतं."

मुलीने प्रेमानेच सांगितलं. टाळी गेली याचं दुःख एकवेळ सोसलं असतं. पण टाळी कधी नव्हतीच असं निघालं, तर मग आपण काय काय मनाने रचलंय? ती केसांतली पेन्सिल तरी खरी होती का? त्यांनी टेबलावर हात आपटून ती टाळी मुलीला करून दाखवायचा प्रयत्न केला. जमेना. दरवेळी ती एकतर बरोबर वेळेवर पडायची नाहीतर भलतीकडेच जायची. बायकोने एकदाच, न ठरवता केलेली चूक यांना दहा वेळा ठरवूनही करता आली नाही.

मग शोध सुरू झाला. इंटरनेटवर मुलीने शोधलं. जिथे तिथे गेल्या वर्षी निघालेली नवी, स्वच्छ केलेली प्रत. जुन्या रेकॉर्ड विकणाऱ्याकडे ‘दार लावू नकोस’चं पाकीट सापडलं तेव्हा पेटीवाल्यांचा जीव भांड्यात पडला, पण पाकिटात निघाली व्यायामाच्या सूचनांची रेकॉर्ड. शेवटी त्यांची नजर बटणांच्या वाडग्याकडे वळली. बटणं एका डब्यात काढून ठेवली. वाडगा गरम पाण्यात घातला, मऊ झाल्यावर दोन काचांमध्ये ठेवून वर शब्दकोशाचे दोन खंड चढवले. एकतीस वर्षं रेकॉर्ड हाताळलेल्या माणसाला कळायला हवं होतं की चाळीस वर्षांची घडी अशी मोडत नाही. कळतही होतं. पण आशा सुटत नव्हती. सकाळी खंड उचलले तेव्हा काठापासून भोकापर्यंत तडा गेलेला होता. दोन तुकडे त्यांच्या हातात आले. टाळी त्यातच कुठेतरी होती. पेटीवाले खुर्चीत बसून राहिले आणि बायको गेली त्या दिवशी रडले नव्हते तेवढे रडले.

पुढच्या बुधवारी टपालबाई त्यांना वाचनालयाच्या पायरीवर भेटल्या.

"गाणारा जिवंत आहे," त्या म्हणाल्या. "पाण्याच्या टाकीमागे गाडी शिकवायची शाळा चालवतो. पण गाण्याचं नाव काढलंत तर फोन आपटेल हं. मी त्याला पत्रं द्यायला जायची ना, तेव्हा चाहत्यांची पत्रं न फोडताच परत करायचा."

पेटीवाल्यांनी रीतसर शिकाऊ म्हणून नाव नोंदवलं. शहात्तराव्या वर्षी! मुलीला सांगितलं नाही. तिने डोक्यावर हात मारून घेतला असता.

गाडीमास्तर उंच, पाठीत किंचित वाकलेले. शेजारच्या सीटवर बसले, पायाशी त्यांचा स्वतःचा वेगळा ब्रेक. लोकांच्या चुका घडायच्या आधी दाबायचा. गाडी दोन वळणं गेली असेल नसेल.

"किती वर्षं चालवताय?" मास्तरांनी विचारलं.

"छे, आजच पहिल्यांदा."

"मला शेंड्या लावू नका. ब्रेक मारायच्या आधी आरसा बघितलात तुम्ही. नवशिक्या आरशात फक्त स्वतःचे केस बघतो."

पेटीवाल्यांनी लपवाछपवी सोडून दिली. "व्हॅन चालवायचो. ज्यूकबॉक्सची."

मास्तरांचा चेहरा उतरला. "म्हणजे तुम्हीही त्या गाण्यामागे आलात. चला, गाडी वळवा."

"वळवतो. एकच सांगा. तिसऱ्या कडव्यानंतर एक टाळी आधी पडायची. पडायची ना?"

पुढे एक बाई रस्ता ओलांडत होती, सवयीने मास्तरांचा पाय त्यांच्या ब्रेकवर गेला.

"पडायची," ते म्हणाले. "त्या टाळीने माझं वाटोळं केलं. दुसरं गाणं घेऊन रेडिओवर गेलो, तर तिथले साहेब म्हणाले, ज्यांना टाळ्या धड वाजवता येत नाहीत त्यांची गाणी काय लावायची? ऐकलंसुद्धा नाही हो त्यांनी. चांगलं होतं ते गाणं. त्याहून चांगलं होतं. गेल्या वर्षी एकगाण्यांचा संग्रह काढणाऱ्यांचा फोन आला. म्हणाले, आता यंत्रावर सगळं साफ करता येतं, तुम्हाला काही बदलायचंय? मी म्हटलं, बाकी सगळं राहू द्या, ती एक टाळी तेवढी पुसा. पन्नास वर्षांनी शांत झोप लागली मला."

पेटीवाल्यांनी आरसा पाहिला, बाजूचा दिवा लावला, गाडी कडेला घेतली, गिअर काढला आणि हँडब्रेक ओढला. परीक्षेत पैकीच्या पैकी मिळावेत असं सगळं क्रमाने. मग म्हणाले,

"ती माझी बायको होती."

मास्तरांनी मान वळवली. "तिघींतली? केसांत पेन्सिल खोचलेली?"

"हो." पेन्सिल खरी होती. "गेली ती. दोन वर्षं झाली."

कडेने एक बस गेली, गाडी किंचित हलली.

"मला माहीत असतं तर..." मास्तर म्हणाले आणि थांबले. खोटं बोलायचा त्यांचा स्वभाव नव्हता.

"जुनी एखादी प्रत आहे तुमच्याकडे?"

"होत्या. रागाच्या भरात फोडल्या सगळ्या."

"मी एक्केचाळीस कापल्या," पेटीवाले म्हणाले. "नियम होता."

दोघे एकमेकांकडे बघत राहिले आणि दोघांनाही हसू आलं. हसण्यासारखं काही नव्हतं, तरी आलं.

"मी तिच्या समोरच उभा होतो गात," मास्तर जरा वेळाने म्हणाले. "टाळी पडली मात्र, आणि तिने दोन्ही हात तोंडावर असे दाबून धरले. खांदे गदागदा हलतायत. मला वाटलं, ही आता खिदळणार आणि सगळं पहिल्यापासून करावं लागणार. पण आवाज फुटू दिला नाही तिने. गाणं संपेपर्यंत हात खाली घेतले नाहीत. मला इतका राग आला होता, काय सांगू! आणि डोळे तर असे हसत होते तिचे..."

सत्तेचाळीस वर्षांच्या संसारात बायकोने हे कधी सांगितलं नव्हतं. ‘घाई झाली’, एवढंच म्हणायची. पेटीवाले बसने घरी निघाले ते मनात तेच घोळवत. दोन्ही हात तोंडावर. गाणं संपेपर्यंत. तिसऱ्या थांब्यावर ते एकदम ताठ बसले. शेजारच्या बाईने विचारलं, तुमचा थांबा गेला का? ते नाही म्हणाले.

घरी फोन समोर होता, गाणं फोनमध्ये होतं. पण लावायची छाती झाली नाही. आपल्या कानांवर त्यांचा आता भरवसा उरला नव्हता. माणसाला हवं ते ऐकू येतं, मुलगीच म्हणाली होती. म्हणून तीन दिवस त्यांनी फोनला हात लावला नाही आणि रविवारची वाट पाहिली.

रविवारी मुलगी आली. टेबलावर रेकॉर्डचे दोन तुकडे आणि बटणांचा डबा तसाच होता.

"गाणं लाव," पेटीवाले म्हणाले. "मी काही सांगणार नाही. फक्त टाळ्या ऐक आणि काय ऐकू येतं ते सांग."

तिने ऐकलं. "बाराच आहेत, बाबा," ती हळूच म्हणाली. डॉक्टर वाईट बातमी सांगताना बोलतात, तसं.

"मोजू नकोस गं. ऐक नुसतं."

तिने परत लावलं. या वेळी डोळे मिटले. पहिल्या कडव्यानंतर तिच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. दुसऱ्यानंतरही नाही. तिसऱ्या कडव्यानंतर तिच्या भुवया आकसल्या, तिने गाणं थांबवलं, मागे नेलं, पुन्हा ऐकलं. पेटीवाल्यांनी टेबलाची कड धरून ठेवली होती.

"तिसऱ्या वेळच्या टाळ्या बारीक आहेत," ती म्हणाली. "पहिल्या दोन वेळा कशा भरून येतात. इथे नाही येत. कोणीतरी कमी आहे, बाबा. तिघी असतील तर इथे दोघीच वाजवतायत."

"दोघीच ना? नक्की?"

"नक्की. पण मग आई कुठे गेली?"

पेटीवाल्यांनी दोन्ही हात उचलून स्वतःच्या तोंडावर दाबून धरले. मुलगी बघत राहिली. मग त्यांनी हात खाली घेतले.

"कुठे गेली नाहीये," ते म्हणाले. "तिथेच उभी आहे. हसतेय."

मुलगी डब्यातलं एक निळं बटण उचलून बोटांत फिरवत राहिली.

"परत लावू?"

"लाव," पेटीवाले म्हणाले. "जरा मोठ्याने लाव."